.४५४ कासूलवरचा स्कोप झीरो (नेम धरला तिथेच गोळी लागणं) धरत नाहीये, स्कोप बदलू की माउंट?

रानवाटा:
नमस्कार मंडळी. रुगर सुपर रेडहॉक रिव्हॉल्व्हर आहे, .४५४ कासूल काडतुसाची, साडेसात इंची नळी. हरीण आणि रानडुक्कर एवढंच, अंतर बहुतेक वेळा ४० ते ८० यार्ड. वर २-६×३२ चा हँडगन स्कोप आहे, कंपनीचं नाव देत नाही कारण अजून दोष त्याचाच आहे असं सिद्ध झालेलं नाही. दोन रिंगा, फ्रेममध्ये जे अर्धगोल खाचे असतात त्यातच बसवलेल्या.

प्रॉब्लेम असा की .४५ कोल्टची हलकी काडतुसं मारली की सगळं छान, ५० यार्डावर तळहाताएवढा ग्रुप (गोळ्यांचा झुबका) येतो, पण ३०० ग्रेनची फुल पॉवर .४५४ सुरू केली की पहिल्या काही गोळ्या ठीक आणि मग अचानक तीन-चार इंच उजवीकडे उडी, मग परत जागेवर, मग खाली. डायल फिरवला तर पुढच्या गोळीला काहीच फरक नाही आणि त्याच्या पुढच्या गोळीला एकदम दुप्पट सरकतो. रिंगांचे स्क्रू घट्ट आहेत, तपासलेत.

सीझन जवळ आलाय. नवीन घ्यायचाच झाला तर २x फिक्स्ड (झूम नसलेला), व्हेरिएबल (झूमवाला) की सरळ रेड डॉट (क्रॉसहेअरऐवजी नुसता लाल ठिपका)? मनापासून सांगा, कारण जनावर जखमी होऊन निघून जाणं मला अजिबात परवडणारं नाही, झीरोवर विश्वास नसेल तर मी त्या दिवशी बाहेरच पडणार नाही.

दुर्बिणकार:
तुमचं वर्णन वाचून माझा संशय स्कोपच्या आतल्या इरेक्टर ट्यूबवर जातोय. "डायल फिरवला, काही झालं नाही, मग पुढच्या गोळीला उडी" ही त्याची अगदी ठरलेली खूण. आत एक छोटी नळी असते, तिला एका बाजूने स्प्रिंग रेटते आणि समोरून डायलचे स्क्रू टेकलेले असतात. स्प्रिंग थकली किंवा ट्यूब कुठे अडकली की डायल फिरतो पण ट्यूब जागची हलत नाही, पुढचा धक्का बसला की मग सरकते.

पण लगेच नवीन घेऊ नका. रिंगा जास्त आवळल्या तरी हेच्च होतं! नळी चिमटली जाते, आत इरेक्टर अडखळतो आणि माणूस चांगला स्कोप फेकून देतो. "घट्ट आहेत, तपासलेत" म्हणजे किती घट्ट? टॉर्क ड्रायव्हर (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा) वापरलाय का? बऱ्याच रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड पुरतो, आकडा रिंग बनवणाऱ्याच्या कागदावर बघून घ्या. साध्या एल-कीने हाताला वाटेल तेवढं पिळलं तर माणूस सहज त्याच्या पुढे जातो.

आधी हे करा. शिसपेन्सिलीने रिंगच्या कडेला लागून स्कोपच्या नळीवर बारीक रेघ मारा, पुढच्या रिंगेला पण आणि मागच्या रिंगेला पण. मग फुल पॉवर गोळ्या मारा. रेघ आणि रिंग यांच्यात फट दिसली तर नळी सरकतेय. आणि मग घरी, गन रिकामी आहे हे दोनदा बघून, सिलिंडर उघडं ठेवून, गादी लावलेल्या शिकंज्यात पकडा, लांबच्या एका खुणेवर क्रॉसहेअर धरा आणि डायल तेवढेच क्लिक वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असा चौकोन फिरवा. क्रॉसहेअर परत त्याच खुणेवर आला पाहिजे. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने डायलच्या बाजूला हलकेच टकटक करून बघा, तेवढ्याने क्रॉसहेअर उडी मारत असेल तर उत्तर मिळालंच. एकही काडतूस खर्ची न घालता अर्धं निदान होतं.

यंत्रज्ञ_अण्णा:
दुर्बिणकारांशी सहमत. फक्त हे एवढं का होतं ते आकड्यात सांगतो, कारण "माझ्या .३०-०६ रायफलीवर हाच स्कोप वर्षानुवर्षं टिकला" असं म्हणणारे खूप भेटतात.

३०० ग्रेन म्हणजे साधारण १९.४ ग्रॅम गोळी, १६०० फूट प्रति सेकंदाने म्हणजे जवळजवळ ४९० मीटर. पावडरचा गॅस त्याहून कितीतरी वेगाने बाहेर पडतो, तोही धरायचा. रिव्हॉल्व्हर, स्कोप, रिंगा मिळून १.८ किलो धरा. हिशोब केला तर गन साधारण साडेसहा मीटर प्रति सेकंदाने मागे निघते. .३०-०६ ची पावणेचार-चार किलोची रायफल साडेतीन ते पावणेचार मीटरने मागे येते. रायफलीचा एकूण धक्का मोठा असेल पण तिचं वजन त्याला खाऊन टाकतं. स्कोपला खांद्याशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त आपल्याला किती झटक्यात हलवलं एवढंच कळतं आणि इथे जवळजवळ दुप्पट वेगाने हलवलं जातंय, तेही एक-दीड मिलिसेकंदात. ३०० ग्रॅमचा स्कोप धरला तर त्या क्षणी रिंगांवर सरासरी दीडशे-दोनशे किलो वजनाइतकी ओढ येते. ही ढोबळ बेरीज आहे पण अंदाज येण्यापुरती बरोबर आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, स्कोपचं वजन निम्मं केलं की ओढ निम्मी. म्हणून हँडगनवर मोठी काच, जाड नळी, प्रकाशणारं रेटिकल (क्रॉसहेअर) वगैरे चोचले नकोत. दुसरी, गन मागे जाते तेव्हा स्कोप जागीच राहू बघतो, म्हणजे गनच्या हिशोबाने तो पुढे सरकतो. रेलवर रिंग बसवताना तिचा आडवा बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मगच आवळायचा. मागे मोकळी फट असली तरी चालेल, पुढे नको.

नदीकाठचा:
अण्णा, हे मझल ब्रेक (नळीच्या तोंडाशी गॅस बाजूला सोडणारी भोकं) असलेल्यांना पण लागू का? माझी एस अँड डब्ल्यूची .४६० एक्सव्हीआर आहे, पुढे ब्रेक आहे, धक्का त्यामानाने सुसह्य वाटतो म्हणून मी समजत होतो की स्कोपलाही सोपं जात असेल.

यंत्रज्ञ_अण्णा:
हाताला सोपं, स्कोपला नाही. आधी गन मागे जाते, मग ब्रेकमधला गॅस तिला पुढे ओढतो. स्कोपला एकामागून एक उलटसुलट दोन झटके. स्प्रिंगच्या एअर रायफलींवर चांगले चांगले स्कोप मोडतात ते याच कारणाने, तिथे तर धक्का नावालाच असतो. त्यामुळे ब्रेक असेल तर दोन्ही दिशांचे झटके सहन करणारा स्कोप बघा आणि स्कोप पुढे इतका लांब जाऊ देऊ नका की ब्रेकच्या भोकांतला गॅस काचेवर येईल. न जळालेले पावडरचे कण काचेवर बारीक खड्डे पाडतात, ते पुसून जात नाहीत.

काडतूस४४:
आता निवडीबद्दल. माझं मत पक्कं आहे, ८० यार्डाच्या आत २x फिक्स्ड. ल्युपोल्डचा जुना २×२० हँडगन स्कोप सहा औंसांच्या आसपास आहे, आत झूमची कॅम नाही, सरकणाऱ्या भिंगांची जोडी नाही, बिघडायला वस्तूच कमी. त्यांचाच २.५-८×३२ घेतला तर अकरा औंसांच्या आसपास जातो. तोही चांगला स्कोप आहे, पण तो सिंगल शॉटवाल्यांसाठी, थॉम्पसन सेंटर कंटेंडर किंवा एन्कोर घेऊन बसून दीडशे-दोनशे यार्ड मारणाऱ्यांसाठी.

आणि हँडगनवर जास्त मॅग्निफिकेशन म्हणजे जास्त स्थिरता असं होत नाही. उलट क्रॉसहेअर एवढा नाचताना दिसतो की माणूस तो बरोबर मध्ये आला की चाप ओढू बघतो, आणि झटका बसलाच म्हणून समजा. २x मध्ये तोच थरथराट असतो पण डोळ्यासमोर नाचत नाही, चाप हळू दाबला जातो.

सावित्री_व्ही:
दादा, एक मुद्दा राहिला, आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसायला डोळा स्कोपपासून किती लांब हवा ते. रायफलच्या स्कोपला डोळा तीन-चार इंचावर लागतो. तो कधीही हँडगनवर बसवू नये. चित्र दिसत नाही म्हणून माणूस तोंड पुढे नेतो आणि .४५४ सरळ कपाळावर येते. स्काउट स्कोपचा नऊ-दहा इंच, तोही हात लांब केल्यावर पुरत नाही. हँडगनला साधारण १२ ते २४ इंच या पट्ट्यातला पाहिजे.

पण तोही प्रत्येकाला वेगळा लागतो आणि हे कुणी मोजत नाही. माझे हात लहान आहेत, हात सरळ केले तरी डोळा स्कोपपासून १७-१८ इंचावर येतो, माझ्या नवऱ्याचा २२ वर जातो, एकच गन दोघांना सारखी दिसत नाही. शिवाय बेंचवर कोपर वाकलेले असतात आणि रानात झाडाला टेकून मारताना सरळ. म्हणजे घरातच टेप घेऊन दोन्ही पवित्र्यांत अंतर मोजा, दोन्ही ठिकाणी पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. व्हेरिएबलमध्ये झूम वाढवला की हा पट्टा आखडतो, डोळा जरा इकडेतिकडे झाला की काळी सावली. रानवाटा, तुमचा ६x वर असताना असं होतं का?

रानवाटा:
सावित्रीताई, हो, अगदी असंच. ६x वर चित्र शोधण्यातच वेळ जातो म्हणून मी रानात कायम २x वरच ठेवतो. म्हणजे व्हेरिएबलचा मला उपयोग होत नाहीये हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. पेन्सिलीची रेघ आणि चौकोन या वीकेंडला करतो.

लालठिपका:
मग सरळ रेड डॉट घ्या की राव. आय रिलीफचा प्रश्नच मिटतो, डोळा कुठेही असू दे. ट्रिजिकॉनचा आरएमआर बॅटरीसकट सव्वा औंस आहे, अण्णांच्या हिशोबाने ओढ कुठल्या कुठे गेली. आत इरेक्टर नाही, झूम नाही. संध्याकाळच्या अंधुक उजेडात डुक्कर झाडीतून पळतंय तेव्हा क्रॉसहेअर शोधत बसणार का? दोन्ही डोळे उघडे, ठिपका खांद्यामागे, झालं.

सावित्री_व्ही:
ज्यांची नजर ठीक आहे त्यांना चालेल. मला ॲस्टिग्मॅटिझम आहे, मला ठिपका गोल दिसतच नाही, स्वल्पविरामासारखा फराटा दिसतो आणि त्याचं नेमकं कुठलं टोक जनावरावर धरायचं कळत नाही. स्कोपमध्ये आयपीस फिरवून क्रॉसहेअर स्वच्छ करता येतो. चाळिशी लागलेल्यांनी तर हे घ्यायच्या आधी दुकानात डोळ्याला लावून बघाच.

काडतूस४४:
आणि ठिपक्याचा आकार बघा. ४ एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप) ठिपका १०० यार्डावर चार इंचाहून थोडं जास्त झाकतो, ८० ला सव्वातीन-साडेतीन. हरणाच्या फुफ्फुसाच्या मानाने चालून जातं, नाही म्हणत नाही, पण झीरो करताना ग्रुप लहान काढणं अवघड. दुसरं, रिफ्लेक्सच्या, म्हणजे उघड्या रेड डॉटच्या काचेवर पाऊस, पान, धूळ काही बसलं की ठिपका विस्कटतो. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर गॅपमधून (सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट) येणारी काजळी वेगळीच. लालठिपका, ५० यार्डाच्या आत डुकरांसाठी तुमचं बरोबर आहे, तिथे मी वाद घालणार नाही.

लालठिपका:
मान्य. माझी शिकार दाट झाडीतली आहे, ५० यार्ड मोकळं दिसलं तरी खूप.

कंटेंडर_काका:
उशिरा येतोय. रिंगांच्या संख्येवर कुणीच बोललं नाही. माझ्याकडे .४५-७० ची कंटेंडर आहे. जे. डी. जोन्स यांच्या एसएसके कंपनीने टीसॉब नावाचं माउंट काढलं ते याच धक्क्यासाठी, एकाच लांब बेसवर तीन किंवा चार रिंगा. एवढ्या रिंगांची गरज काय असं लोक विचारतात. अहो, नळीवरची पकड वाढवायचे दोनच मार्ग, जास्त आवळा किंवा जास्त ठिकाणी धरा. आवळलं तर नळी चेपते, ते वर दुर्बिणकारांनी सांगितलंच. मग जास्त ठिकाणी धरणं हाच शहाणपणा. जुन्या २x ची नळी सरळ आणि लांब असते, मध्ये फक्त डायलची बोंडी, त्यामुळे तीन रिंगांना जागा मिळते. आखूड व्हेरिएबल घेतलात तर दोन रिंगांनाच जेमतेम जागा असते, घ्यायच्या आधी नळीचा सरळ भाग मोजून घ्या.

सुपर रेडहॉकच्या दोन रिंगा फ्रेमच्या खाचेत अडकलेल्या असतात त्यामुळे रिंगच सरकत नाही, ती रचना मजबूतच आहे. सरकली तर नळी रिंगेच्या आत सरकते. तर रिंगा उघडा, आतला तेलाचा थर स्पिरिटने पूर्ण काढा, नळीही पुसा. रिंगेच्या आत राळेची बारीक पूड भुरभुरली तर पकड अजून वाढते, जुने लोक हेच करायचे. लॉकटाइट (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद) बेसच्या स्क्रूंना निळं लावा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना शक्यतो नको, ओलं असताना ते वंगणासारखं काम करतं आणि त्याच टॉर्कला नळी जास्त आवळली जाते.

निवांत_नेमबाज:
स्कोपला फाशी देण्याआधी एक विचारतो, बेंचवर गन टेकवता कशी? गनची नळी वाळूच्या पिशवीवर ठेवत असाल तर प्रत्येक गोळीला नळी वेगळी उसळते. फ्रेमचा पुढचा भाग किंवा मनगटं टेकवा, नळी मोकळी. पिशवी सिलिंडर गॅपच्या बाजूला येऊ देऊ नका, तिथला गॅस जाड कापड फाडतो, बोटं तर लांबच ठेवा. आणि मूठ रोज सारखीच घट्ट हवी, रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी नळीत असतानाच तोंड वर उचलायला लागतं, ढिली मूठ म्हणजे वरचा ठसा.

दुर्बिणकार:
निवांतरावांनी चांगलं काढलं. म्हणूनच जड आणि हळू गोळी जवळच्या अंतरावर हलक्या वेगवान गोळीपेक्षा वर लागते, ती नळीत जास्त वेळ असते. काहींचा डायल खालच्या दिशेला संपतो तरी गोळी वरच. तेव्हा स्कोपला दोष न देता स्कोपची पुढची बाजू थोडी वर उचलायची, पुढच्या बेसखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी), किंवा बरिसच्या सिग्नेचर रिंगा ज्यात तिरके इन्सर्ट मिळतात, त्यात नळीला ताणही बसत नाही. पण रानवाटांची तक्रार आडव्या उडीची आहे आणि .४५ कोल्टला ग्रुप येतोय, म्हणजे मूठ आणि पिशवी ठीक असावी. बघू काय येतंय.

रानवाटा:
मंडळी, वीकेंडचा रिपोर्ट.

रेघ: मागच्या रिंगेला साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट आली. म्हणजे नळी सरकत होती. रिंगा उघडल्या तर आतून तेलकट, बसवून मिळाल्या तेव्हापासून तशाच असणार. काकांच्या पद्धतीने स्पिरिटने साफ केल्या, राळ लावली, टॉर्क ड्रायव्हर मित्राकडून आणून मोजून आवळल्या. परत फुल पॉवर मारल्या, रेघ जागच्या जागी. मला वाटलं सुटलो, पण ग्रुप तसाच उड्या मारतोय!

मग शिकंज्यातला चौकोन. वर आणि खाली बरोबर परत येतो. उजवा-डावा नाही. डावीकडे फिरवल्यावर क्रॉसहेअर थबकतो आणि मुठीने टकटक केलं की झटकन सरकतो, अगदी डोळ्यांदेखत. रिंगांचे स्क्रू सगळे सैल करून परत केलं तरी तेच. शेवटी काडतूस४४ म्हणतात तसा मित्राचा २×२० त्याच रिंगांमध्ये चढवला, तीच काडतुसं, तीच पिशवी, नळी मोकळी, आणि ५० यार्डावर सगळ्या गोळ्या अडीच इंचात. रेघही हलली नाही.

तर दोन दोष एकत्र होते. नुसत्या रिंगा साफ केल्या असत्या तर स्कोपवर विश्वास ठेवून बसलो असतो आणि नुसता स्कोप बदलला असता तर नवीनही सरकला असता. जुना वॉरंटीत पाठवतोय, नवीन २x फिक्स्ड घेतोय. सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे एकट्याने शोधू शकलो नसतो.

दोन प्रश्न राहिले. मित्राच्या स्कोपचं आयपीस घोड्याच्या वर येतंय, अंगठ्याने घोडा ओढताना अडतो. आणि झीरो किती यार्डावर ठेवू?

कंटेंडर_काका:
स्कोप रिंगांमध्ये पुढे घेता येतो का बघा, पण आय रिलीफच्या आतच. नाहीतर घोड्याला बाजूला वळणारं एक्स्टेन्शन मिळतं ते लावा, छोटा स्क्रू असतो, त्याला निळं लॉकटाइट हवंच, धक्क्याने सुटतो. थंडीत हातमोजे घालून सराव करा. घोडा अंगठ्यातून निसटणं हा प्रकार भरलेल्या गनवर नको.

काडतूस४४:
७५ यार्ड. तुमच्या ३०० ग्रेन गोळीला ७५ ला झीरो केलं तर ५० ला जेमतेम अर्धा इंच वर आणि १०० ला दोनेक इंच खाली. सगळीकडे क्रॉसहेअर जिथे तिथेच धरायचा, डायलला हात लावायचा नाही, टोपणं घट्ट बसवून टाका. ५० ला कागदावर आणून मग ७५ ला पक्कं करा.

दुर्बिणकार:
नवीन बसवल्यावर रेघ पुन्हा मारा आणि ती पुसू नका, कायमची राहू दे. पहिल्या डब्याभर फुल पॉवर गोळ्यांनंतर टॉर्क परत बघायचा, नवीन रिंगा थोड्या बसतात. आणि रानात जायच्या आदल्या दिवशी .४५ कोल्ट मारून झीरो तपासू नका, शिकारीला जे काडतूस नेणार तेच मारा, ठसा वेगळा असतो.

रानवाटा:
नोंद केली. स्कोप आला की टार्गेटचे फोटो इथेच टाकतो, ७५ यार्डाचे.